यंत्राच्या बुडाखालचा आकडा

त्याला सगळे पाणसळ म्हणायचे. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बोटभर लांबीची पितळी पाणसळ असायची. कुठल्याही खोलीत शिरला की आधी ती टेबलावर ठेवायचा आणि वाकून काचेच्या नळीतला बुडबुडा बघायचा. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला तर मान हलवायचा. नाही आला तर टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालायचा. कोणी चहा विचारला तरी उत्तर त्यानंतर. धाकट्या भावाच्या घरीही तो हेच करायचा. भावजय म्हणायची, भाऊजी आपल्याकडे पाहुणे म्हणून येत नाहीत, टेबल तपासायला येतात.

त्याने लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, धाकटा लहान होता, त्याला वाढवता वाढवता वय निघून गेलं. धाकट्याचा संसार तोच आपला असं त्याने धरलं होतं. याबद्दल तो कधी बोलत नसे, आणि कोणी बोललं तर उठून हात धुवायला जाई.

सुरुवातीची वर्षं त्याने गोदामांतले मोठे वजनकाटे बसवले. लोखंडाचं काम. चौथरा साफ करायचा, पाया समतल करायचा, काटा वर चढवायचा, रिकाम्या काट्याची सुई शून्यावर आणायची. त्या धंद्यात बिघडायचं ते शून्यच. माल आदळून, धूळ बसून, उंदरांनी घर करून सुई शून्यावरून हलायची. बाकी दांडे, तरफा सगळं ओतीव लोखंड, ते कशाला बदलतंय? सुई शून्यावर आली की काम झालं. हे त्याच्या हातात मुरलं होतं. डोक्यातून एखादी गोष्ट काढता येते, हातातून निघत नाही.

पुढे तो शास्त्रीय उपकरणं विकणाऱ्या एका एजन्सीत लागला. लाकडी पेटी फोडायची नाही, उघडायची, खिळा न वाकवता. यंत्राला पोटाशी धरून उचलायचं, कडेला धरून नाही. जड वस्तू कुठे धरली म्हणजे हलकी होते हे त्याच्याइतकं त्या एजन्सीत कोणाला कळत नव्हतं. तो यंत्र ठेवायचा, समतल करायचा, आणि मग टाय लावलेला इंजिनियर येऊन बटणं दाबायचा.

मग यंत्रांवरचे काटे गेले, पडदे गेले, आणि प्रत्येक यंत्राशेजारी कॉम्प्युटर येऊन बसला. इंजिनियर एकेक करून चांगल्या जागी निघून गेले. शेवटचा गेला त्या दिवशी मालकाने पाणसळला बोलावून सांगितलं, यंत्र बसवतोस तसं त्याचं सॉफ्टवेअरही बसवायला शिक, नाहीतर तुलाही काम उरणार नाही. पन्नाशी जवळ आलेली. की-बोर्डावर त्याची बोटं एका वेळी दोन अक्षरं दाबायची. पण तो शिकला. ओझं उचलायला शिकतात तसाच शिकला. कुठे धरायचं, कुठे पाय रोवायचा, कुठे दम घ्यायचा.

प्रत्येक ठिकाणचा कॉम्प्युटर वेगळ्या जातीचा. विंडोज सगळ्यात सोपं. ‘पुढे’, ‘पुढे’ असं दाबत राहायचं, सगळं आपोआप जागेवर बसतं. पथ्य एकच, सॉफ्टवेअर पूर्ण बसेपर्यंत यंत्राची केबल लावायची नाही. आधी लावली तर कॉम्प्युटर त्या यंत्राला भलतंच काहीतरी समजून बसतो, आणि तो गैरसमज काढता काढता नाकी नऊ येतात. मॅक म्हणजे दारावरचा संशयी रखवालदार. अनोळखी सॉफ्टवेअर दिसलं की अडवलंच. मग सेटिंग्जमध्ये शिरून, हा आपला माणूस आहे, येऊ दे, असं सांगावं लागायचं. आणि लिनक्सवर दाबायला बटणच नाही. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे. एक टिंब चुकलं तर हुकूम परत तोंडावर. सगळं बरोबर असलं तरी केबलच्या पोर्टला हात लावायची परवानगी वेगळी द्यायची, तीही जो माणूस तिथे बसणार त्याच्या नावाने. ती दिली नाही तर यंत्राचा दिवा लागलेला, केबल घट्ट, आणि कॉम्प्युटर म्हणतो यंत्रच नाही.

एजन्सीचं एक यंत्र बॅटरीच्या कारखान्याच्या दवाखान्यात होतं. रक्तातलं शिसं मोजणारं. कारखान्यात शिसं वितळवायची भट्टी होती. तिथल्या कामगारांचं रक्त काही महिन्यांनी तपासायचे. आकडा ठरलेल्या रेघेवर गेला की माणसाला भट्टीवरून काढून बाहेर अंगणात हलकं काम द्यायचे, खाली आला की परत आत. ते यंत्र पाणसळनेच बसवलं होतं, टाय लावलेल्या इंजिनियरांच्या काळात.

धाकटा तेव्हा एका गोदामात हमाली करायचा. ते गोदाम बंद पडलं, आणि भट्टीवर माणसं हवीत असं कळलं. भावजय नको म्हणाली. शिशाने माणूस आतून सडतो हे तिने ऐकलं होतं. तेव्हा पाणसळने शब्द टाकला. तिथे रक्त तपासतात, आकडा वर गेला की बाहेर काढतात, यंत्र खोटं बोलत नाही, असं त्याने तिला नीट समजावलं. शेवटी म्हणाला, “अगं, ते यंत्र मी बसवलंय.”

धाकटा भट्टीवर लागला.

काही वर्षं तसंच झालं जसं त्याने सांगितलं होतं. एकदा धाकट्याचा आकडा वर गेला, त्याला अंगणात काढलं, तो रोज घरी येऊन झाडू मारून घेणाऱ्या मुकादमाची नक्कल करायचा. मुकादमाची चाल, त्याचं खाकरणं, सगळं हुबेहूब. भावजय हसून हसून भिंतीला टेकायची. आकडा उतरला, तो परत आत गेला. मग भावजयही त्या यंत्राबद्दल घरातल्या कोणाबद्दल बोलावं तसं बोलू लागली. यंत्र आहे ना, ते बघेल.

मग एका सकाळी कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांत व्हायरस शिरला. एकही उघडेना. वरून हुकूम आला की जुने काढा, सगळीकडे लिनक्स घाला. दवाखान्यातलाही कॉम्प्युटर बदलला. जुना उचलून स्टोअरमध्ये मोडक्या खुर्च्यांवर ठेवून दिला, आणि यंत्राचं सॉफ्टवेअर नव्यावर बसवायला पाणसळला बोलावलं.

तो दिवस त्याच्या अंगावर आला. सॉफ्टवेअर बसलं, पण यंत्र दिसेना. केबल बदलली. पोर्ट बदललं. टेबलाखाली पाठीवर पडून त्याने जोडणी पाहिली. परवानगीचा हुकूम दिला, तरी नाही. परत दिला, तरी नाही. गुडघे दुखायला लागले, डबा उघडला नाही. दवाखान्याच्या लॅबच्या बाई, जाड भिंगाचा चष्मा आणि कोरडी जीभ, त्यांनी दोनदा विचारलं की तुम्ही यंत्र बसवताय की यंत्र तुम्हाला. तो हसला नाही. उन्हं कलली तेव्हा कळलं की परवानगी त्याने स्वतःच्या नावाने दिली होती, बाईंच्या नावाने नाही. ती बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडद्यावर हिरवं टिंब आलं. यंत्र दिसलं.

त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने शुद्ध पाण्याचा थेंब घातला. आकडा आला शून्य.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या जातीचं प्रत्येक यंत्र थोडं वेगळं निपजतं. एकाला शिसं जास्त कळतं, एकाला कमी. म्हणून यंत्र तयार होतं तिथेच त्याचा गुणक ठरवतात. यंत्राने दिलेल्या कच्च्या आकड्याला त्या गुणकाने गुणलं की खरा आकडा येतो. हा गुणक कॉम्प्युटरात ठेवलेला असतो. विंडोजवर नवीन सॉफ्टवेअर जुन्यातून तो आपणहून उचलून घ्यायचं, पाणसळला कधी हात लावावा लागला नव्हता. लिनक्सवर तो हाताने घालायचा होता. बसवण्याच्या सूचनांत शेवटी तसं लिहिलं होतं, त्या सूचना त्याच्या पिशवीत होत्या. गुणक घातला नाही तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, मुकाट्याने एक धरून चालतं. दवाखान्यातल्या यंत्राचा गुणक दोनाच्याही वर होता. आणि शून्याला कशानेही गुणा, शून्यच.

याची पारख करायला ओळखीचा नमुना असतो. किती शिसं आहे हे आधीच माहीत असलेली छोटी कुपी. ती यंत्रात घालायची, आकडा जुळला तर यंत्र खरं. त्या वेळी एजन्सीतल्या कुप्या संपल्या होत्या. आल्या की येऊन बघू, असं त्याने ठरवलं. दिवसभर ज्याच्याशी झुंज दिली ते जमलं होतं. अंगातली ताकद सगळी तिथे खर्च झाली होती, आणि ताकद संपली की माणसाला काम संपल्यासारखं वाटतं.

बाईंनी विचारलं, झालं? तो पान्हे पिशवीत भरत म्हणाला, झालं, शून्य शून्यावर आहे.

कुप्या आल्या तेव्हा तो दुसऱ्या शहरात एका साखर प्रयोगशाळेत होता. कुप्या एजन्सीच्या कपाटात राहिल्या. एकदा त्याला आठवण झाली, मग तीही गेली.

पुढच्या तपासणीत कारखान्यातल्या सगळ्यांचे आकडे उतरले. मॅनेजर खूश. कामगारांना नुकत्याच दिलेल्या नव्या मास्कना यश आलं म्हणून फलकावर अभिनंदनाची सूचना लागली. अंगणात काढलेल्या माणसांना परत भट्टीवर पाठवलं. लॅबच्या बाईंना जरा नवल वाटलं, पण मास्क खरोखरच नवे होते.

धाकटा मात्र बदलत चालला. आधी झोप गेली. मग जेवण तोंडात धातूसारखं लागतं म्हणू लागला. पोटात कळ यायची तेव्हा गुडघे छातीशी घेऊन पडून राहायचा. नकला बंद झाल्या. मुलीच्या हातून पेन्सिलचा डबा पडला तर तिच्यावर धावून गेला, आणि मग स्वतःच बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही.

पाणसळ रविवारी जायचा. त्याने आकडा विचारला. रेघेच्या बराच खाली. मग शिशाचा संबंध नाही, असं त्याने सांगितलं. पोटाच्या डॉक्टरला दाखव, कामात मन लाव, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टरनेही तोच आकडा पाहिला आणि ॲसिडिटीचं औषध दिलं. कारखान्यात मुकादमाने धाकट्याला सगळ्यांसमोर ऐकवलं की हल्ली तुझ्या हाताला काम नको झालंय. धाकट्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा पाणसळने त्याची बाजू घेतली नाही. त्यालाही मनातून तसंच वाटायला लागलं होतं. मेहनतीच्या बाबतीत तो भावाचीही गय करणारा नव्हता.

एका रविवारी धाकट्याच्या हातातून कप सुटला. फुटला नाही, कलंडला. त्याने हात पुढे केला तेव्हा मनगट पुढे आलं आणि पंजा मागे राहिला, ओल्या कपड्यासारखा खाली लोंबत. त्याने घाईने हात टेबलाखाली घेतला. पाणसळने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

निघताना भावजय जिन्यापर्यंत आली. दार ओढून घेतलं.

“भाऊजी, ते यंत्र चुकत तर नसेल?”

“यंत्र मी बसवलंय,” तो म्हणाला.

ती आत गेली. जिना उतरताना त्याला तिचं विचारणं थोडं लागलंच होतं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेने त्याच जातीचं नवं यंत्र घेतलं. तिथला कॉम्प्युटर मॅक. पाणसळने पेटी उघडली, यंत्र ठेवलं, समतल केलं. मॅकच्या रखवालदाराची समजूत घातली. यंत्र लगेच दिसलं. शुद्ध पाणी घातलं, शून्य आलं. तो हात पुसत होता.

तिथले मास्तर वयस्कर होते, बोलणं हळू. त्यांना शून्यात रस नव्हता. त्यांच्याकडे स्वतःचा ओळखीचा नमुना होता, तो त्यांनी घातला. आकडा आला तो असायला हवा होता त्याच्याहून बराच कमी. मास्तरांनी परत घातला. तेवढाच आला.

“गुणक घातलात का?” त्यांनी विचारलं. सहज विचारलं, पाणी प्यायलात का विचारावं तसं.

पाणसळने सूचनांचा कागद काढला. शेवटचा परिच्छेद वाचला. विंडोजवर आपोआप. मॅक आणि लिनक्सवर हाताने. आकडा यंत्राच्या बुडाखालच्या पट्टीवर कोरलेला आहे. त्याने यंत्र पोटाशी धरून एका बाजूने उचललं, पट्टी पाहिली, मास्तरांनी आकडा टाइप केला. नमुना परत घातला. बरोबर आला. सगळ्याला दोन घोट चहाइतकाही वेळ लागला नाही.

यंत्र अजून त्याच्या हातात कललेलंच होतं. मास्तर म्हणाले, ठेवा आता खाली. त्याला ऐकू आलं नाही. मास्तरांनीच दुसऱ्या बाजूने हात लावून ते ठेवलं आणि विचारलं, बरं वाटत नाही का? तो पिशवी तिथेच टाकून निघाला.

बसमध्ये तो स्वतःशी वाद घालत होता. घातला असेल गुणक, विसरलो असेन. जुन्यातून कोणीतरी आणला असेल. पण त्या यंत्राच्या बुडाला त्या दिवशी आपला हात लागला नव्हता, हे हाताला माहीत होतं. उचललेली वस्तू हात विसरत नाही. दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत वाद संपला होता.

जेवणाची सुट्टी होती. लॅबमध्ये कोणी नव्हतं. यंत्राच्या चारही पायांभोवती धुळीची बारीक कड जमली होती, अखंड. कोणीही ते हलवलेलं नव्हतं. त्याने ते उचललं, खिशातला टॉर्च दाखवला. पट्टीवर आकडा होता, स्वच्छ कोरलेला, दोनाच्या वरचा. कॉम्प्युटरात होता एक.

त्याने गुणकाच्या चौकोनात खरा आकडा टाइप केला. आता एक बटण दाबायचं आणि निघून जायचं. पुढच्या तपासणीत आकडे चढले असते, मास्क जुने झाले असं सगळे म्हणाले असते. माणसं बाहेर निघाली असती. कोणाला काही कळलं नसतं. पण मागचे आकडे तसेच राहिले असते. डॉक्टरने धाकट्याला नुकतंच चढलेलं शिसं समजून औषध दिलं असतं, कितीतरी महिने मुरलेलं समजून नाही. मुकादम म्हणाला ते खरं ठरलं असतं. त्याने बटण दाबलं आणि खुर्चीवर बसून राहिला.

बाई डबा धुऊन आल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, आज न बोलावता? परत शून्य बघायला आलात?

हो म्हणायला जागा होती.

“बाई, मागचे सगळे आकडे चुकीचे आहेत,” तो म्हणाला. “अर्ध्याहून कमी दाखवलेत. गुणक घालायचा माझ्याकडून राहिला.”

बाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “ती माणसं परत आत पाठवली ना मी. माझ्या सहीने.”

मग त्यांनीच फ्रिज उघडला. कालच्या तपासणीच्या नळ्या आत होत्या. धाकट्याची नळी कोणती ते त्यांना विचारावं लागलं नाही. त्याचं आडनाव आणि पाणसळचं एकच होतं. थेंब घातला. दोघं पडद्याकडे बघत उभे राहिले. यंत्राने वेळ घेतला तेवढा घेतला, आणि आकडा आला. रेघ खूप खाली राहिली होती. बाईंनी तो लिहून घेतला नाही. लिहायची गरज नव्हती.

संध्याकाळपर्यंत भट्टी थंड केली. मॅनेजरने पाणसळला केबिनमध्ये बसवलं, दार लावलं. नव्या सिस्टिमचा दोष म्हणू, असं त्याचं म्हणणं. व्हायरस, घाई, नवं लिनक्स, कोणाचंही नाव नको. त्यात तुमचंही निभेल आणि आमचंही. पाणसळने ऐकून घेतलं. तो म्हणाला, सिस्टिमने सांगितलं तेवढं केलं. एक काम हाताने करायचं होतं, त्याला मी हात लावला नाही. तसंच लिहा. मॅनेजरने तसं लिहिलं, आणि त्याचा एजन्सीला फोन जायला वेळ लागला नाही. मालकाने पाणसळला पिशवी आणायलाही आत बोलावलं नाही, कॉलेजने परत पाठवलेली पिशवी दाराशी ठेवली होती.

माणसं आळीपाळीने इस्पितळात गेली. भट्टीवरच्या सगळ्यात जुन्या माणसाची किडनी गेली होती. तो पावसाळ्याआधीच वारला. त्याच्या मुलाने पाणसळला रस्त्यात पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

धाकट्याला त्याने इस्पितळातच सांगितलं. कॉटच्या कडेला बसून, सरळ, पहिल्यापासून. कपाट, कुप्या, शुद्ध पाणी, शून्य. रविवारी पडलेला कप आपण पाहिला होता, हेही सांगितलं. धाकटा छताकडे बघत होता. दोन्ही पंजे चादरीवर पालथे पडले होते.

मग तो म्हणाला, “मला वाटत होतं मीच कामचुकार झालोय, दादा.”

त्यानंतर त्याने कुशीवर वळायचा प्रयत्न केला, हातांचा आधार मिळाला नाही. पाणसळने त्याला खांद्याखाली हात घालून वळवलं. धाकट्याचं तोंड भिंतीकडे झालं, पाठ आपल्याकडे आली.

भावजय त्याला येऊ नका म्हणाली नाही. दार उघडायची, बाजूला व्हायची. कप समोर ठेवायची. कित्येक आठवडे तिने त्याला भाऊजी म्हणून हाक मारली नाही, काहीच म्हणाली नाही. एकदाच, मुलगी शाळेत गेल्यावर, ओट्याकडे तोंड करून बोलली.

“मी विचारलं होतं तुम्हाला. जिन्यात.”

“हो.”

“दुसऱ्या कोणाला विचारायचं असतं तर मी विचारलं असतं.”

तिने भांडं विसळून पालथं घातलं.

औषधाने शिसं उतरलं. पोटाची कळ गेली, झोप थोडी आली. मनगटं आली नाहीत. इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईने दाखवलं होतं, कोपर टेबलावर टेकवायचं, पंजा हाताने वर उचलायचा, धरायचा, सोडायचा, आणि रोग्याने आपणहून उचलायचा जोर लावायचा. रोज, आणि कंटाळा न करता. येतील म्हणाली, काहींची येतात, महिने लागतात. भावजय आता एका शिवणाच्या कारखान्यात जायला लागली होती. पाणसळला काम नव्हतंच. तो सकाळी यायचा, टेबलाशी बसायचा, यंत्र पोटाशी धरावं तसा भावाचा हात मनगटाखाली धरायचा आणि उचलायचा. गोदामात त्याने याहून कितीतरी जड उचललं होतं. याइतकं दमवणारं काही उचललं नव्हतं.

असं बरंच चाललं. एका सकाळी धाकटा म्हणाला, थांब, आज मी बघतो. त्याने कोपर टेकवलं, दात आवळले. पंजा किंचित हलला. वर आला तो टेबलाला लागून असल्यासारखाच, पण आला. कपाळावर घाम जमला.

“ठेव ती,” तो म्हणाला.

“काय?”

“खिशातली. ठेव माझ्या हातावर. सगळ्या जगाची टेबलं तपासलीस.”

पाणसळने खिशातून पाणसळ काढली आणि भावाच्या पंजाच्या पाठीवर ठेवली. पितळ थंड लागलं असावं, कातडी शहारली. बुडबुडा सरकत एका टोकाला गेला आणि काचेला चिकटून बसला. धाकट्याने मान वाकवून तो पाहिला. तोंडाचा कोपरा मुकादमासारखा वाकडा केला, बऱ्याच दिवसांनी, आणि खाकरून मुकादमाच्याच आवाजात म्हणाला, “टेबल वाकडं आहे. पुठ्ठा घाला.”

पाणसळला हसायला आलं नाही. पंजा थरथरला, खाली गेला, पाणसळ घरंगळून टेबलावर पडली. ती त्याने उचलून खिशात घातली नाही. बाजूला सारली. मग भावाचं कोपर पुन्हा टेबलाच्या मध्यावर नीट टेकवलं, मनगटाखाली हात घातला, आणि म्हणाला, चल, जोर लाव.